उठलो व्हतो ना

बन्सी न्हाव्यानं वस्तरा हनुवटीखाली नेला होता, सांडूनं मान मागं टाकून डोळे मिटले होते, आणि नेमकं तेव्हाच मागच्या बाकड्यावरचा एकजण म्हणाला, "ह्याला? ह्याला तर निजामुद्दीनच्या तालमीतला मजीद दोन राउंडांत झोपवंल."

सांडूनं डोळे उघडले. मान वळवायची सोय नव्हती, पण समोरच्या आरशात मागचं सगळं दिसत होतं. धुतलेल्या कपड्यांतले दोन तरणे गडी पाळीची वाट बघत बसले होते आणि त्यातल्या एकाचं बोट भिंतीवरच्या तसबिरीकडं होतं. तसबीर सांडूचीच होती. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी छावणीतल्या फोटोवाल्यानं काढलेली. उघडं अंग, खांबासारखी मान, पीळ दिलेल्या मिशा आणि पुढं धरलेल्या दोन मुठी. बन्सीनं ती हौसेनं लावली होती, दुकानाला जरा रुबाब यावा म्हणून. त्या तसबिरीखालीच, तोंडभर साबण लावून, चोपन्न-पंचावन्नचा एक मिलचा दरवान बसला आहे आणि तो आणि तसबिरीतला गडी एकच आहेत, हे त्या दोघांच्या ध्यानात येण्याचं काही कारण नव्हतं. बन्सीचा हात मात्र थांबला. वस्तऱ्याचं थंड पातं सांडूच्या गळ्याच्या घाटीवर नुसतंच टेकून राहिलं.

"पन ताकद आसंल की गड्यात," दुसरा म्हणाला.

"ताकदीला काय चाटायचंय? आता बाक्सिंगमधी गुण मोजतेत. कोनी किती मारलं, किती चुकवलं. हे जुने लोक नुसते उभे ऱ्हायाचे आन् खायाचे. एकजण खाऊन खाऊन दमला की दुसरा जितला. ताकद, वजन, ते तर पोत्याला बी आसतं."

बन्सी खाकरला. म्हणाला, "गप ऱ्हावा वं जरा, हात हालतोय माझा." मग त्यानं घाईघाईनं उरलेली दाढी उरकली, तुरटी फिरवली आणि सांडूच्या नजरेला नजर न देता पंचा झटकला. सांडू उठला. दारातून बाहेर पडताना त्या दोघांनी पाय आखडून त्याला वाट दिली; समोरून एखादं मोठं जनावर आलं की माणूस देतो तशी, त्याच्याकडं न बघता. छावणीच्या बाजारात ऊन रणरणत होतं. तो चार पावलं गेला आणि थांबला. परत जावं, त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवावा आणि नुसतं म्हणावं, मीच तो. पण पुढं काय? तो म्हणाला असता, आस्सं का बाबा, आणि उठून बसायला जागा दिली असती. सांडूला बसायला जागा नको होती. काय हवं होतं ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. नुसतं छातीत काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं, कोरडी भाकर गिळताना होतं तसं.

पोत्याला बी वजन आसतं. मिलच्या फाटकाशी लाकडी स्टुलावर बसल्या बसल्या ते त्याला पुन्हा पुन्हा ऐकू यायचं, आणि ज्या डाव्या कानानं त्याला गेली वीस वर्षं काही ऐकू येत नव्हतं त्या कानात तर जास्तच. त्या पोराला काय ठाऊक, की सांडूच्या आयुष्याची सुरुवातच पोत्यापासून झाली होती! पाचोडच्या शेतात सहा भावांचं भागंना म्हणून तो लासूर टेसनात हमालीला गेला. नवी नवी रेल्वे होती, मालधक्क्यावर कपाशीच्या गाठी आणि बाजरीच्या पोत्यांची थप्पी लागायची, आणि सांडू एक पोतं पाठीवर आणि एक काखेत घेऊन फळीवरून डब्यात चढायचा. तिथंच एका गोऱ्या सार्जंटानं त्याला पाहिलं. पाईक त्याचं नाव. घोड्यांचा दाणा न्यायला आला होता. त्यानं सांडूच्या भोवती एक चक्कर मारली, दंड चाचपला, खिल्लारी बैल बघतात तसे दात तेवढे बघायचे ठेवले, आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "मार खा सकता?" सांडूला वाटलं, ह्याला काहीतरी चुकल्याचा राग आला आहे. तो म्हणाला, "कायकू साब?" पाईक खदखदून हसला. सांडूला त्या हसण्याचा अर्थ पुढं कळला. मारता येतं का, असं त्यानं विचारलंच नव्हतं. मारायला कुणालाही शिकवता येतं, असं पाईकचं म्हणणं होतं. खायला शिकवता येत नाही.

छावणीच्या पटांगणात तेव्हा चार खांबांना काथ्याचा दोर बांधायचे आणि खाली माती टाकायचे. हातमोजे असायचे, पण ते नुसते चामड्याचे. आतला कापूस झिजून झिजून गेलेला. लढत किती वेळ चालायची? एकजण उठेनासा होईपर्यंत. तेवढंच. पाईकनं त्याला दोनच गोष्टी शिकवल्या. डावा हात समोरच्याच्या मानेमागं टाकायचा, त्याला ओढून छातीशी घ्यायचा आणि उजव्यानं बरगड्यांवर चढवत राहायचं, ही एक. आणि पडलं की घाई करायची नाही, ही दुसरी. मोजणारा मोजत असतो, मोजू दे. श्वास घे, आभाळ बघ, मग उठ. पण उठ. सांडूला ही दुसरी गोष्ट जमली. नुसती जमली नाही, त्याला ती आवडायची. पडल्यावर सगळा गलका लांब जायचा, मातीचा गार वास नाकात भरायचा, आणि आत कुठंतरी एक जाड, शांत आवाज म्हणायचा, चल, आता सुरू करू. समोरच्याला वाटलेलं असायचं, संपलं. सांडूची लढत तिथून पुढं सुरू व्हायची.

तोफखान्यातल्या ओकलीबरोबरची ती लढत. ओकली त्याच्याहून उंच होता, हात लांब होते, आणि तो लाल तोंडाचा गोरा सुरुवातीला इतका सफाईनं मारत होता की सांडूला त्याची मूठ दिसायचीच नाही, नुसती लागायची. किती वेळा पडला तो! गोरे टोप्या उडवत होते. पाठीमागं दोराबाहेर उभे असलेले घोडेवाले, भिश्ती, बाजारातले लोक आधी ओरडत होते, मग गप झाले, मग कोणीतरी म्हणालं, पडून ऱ्हा रे बाबा, मरशील. ऊन माथ्यावरून कलंडलं, खांबांच्या सावल्या दोरावर आडव्या आल्या, आणि मग ओकलीच्या हातांना काहीतरी होऊ लागलं. ते खाली येऊ लागले. सांडूला ते दिसलं. त्यानं डावा हात त्याच्या मानेमागं टाकला. शेवटी ओकली पडला तो एकदाच. बसल्यासारखा पडला, आणि सांडूकडं बघून नकारार्थी मान हलवत राहिला, रागानं नव्हे, समजूत पटल्यासारखी. त्या रात्री घोडेवाल्यांनी सांडूला खांद्यावर घेऊन थेट शहागंजपर्यंत मिरवलं होतं. आणि आता, मिलच्या फाटकाशी, भोंगा होऊन पाळी सुटत असताना, बायामाणसांचा लोंढा समोरून जात असताना, सांडूच्या मनात एक विचार पहिल्यांदाच आला. गुण मोजले असते तर? कोणी किती मारलं, किती चुकवलं? तर ओकली जिंकला असता. निर्विवाद. त्याच्या आधीचा तो आयरिश, आणि जालन्याहून आलेला तो घोडदळातला, तेही जिंकले असते. सांडू जेवढ्या लढती जिंकला होता त्या सगळ्या तो हरला असता.

त्यानं घरी सारजाबाईजवळ विषय काढला. तिच्याशी लग्न लागलं तेव्हा तो आधीच छावणीतला सांडू पैलवान होता. त्याच्या फुटलेल्या भुवया शिवताना तिचा हात कधी थरथरला नव्हता.

"सारजे, मी बाक्सिंग खेळायचो, ते खरं व्हतं का?"

ती चुलीपुढून वळली. "आता हे काय? मंग काय खोटं व्हतं का? ह्यो कान काय मी फोडला?"

"तसं नव्हं. म्हंजी आजच्या हिशोबानं."

"आजचा हिशोब आजच्या मानसांचा. तुमी कशाला त्यात?" ती म्हणाली, आणि त्याच्या उजव्या कानाच्या बाजूला येऊन, मोठ्यानं, जरा मऊ आवाजात, "तुमचं झालं आता. लई चांगलं झालं. बसा की गुमान."

लई चांगलं झालं. मेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं. तिच्या मनात तसं काही नव्हतं हे त्याला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच जास्त चिडचिड होत होती. तिच्यावर ओरडावं तर निमित्त नाही. त्या पोरावर ओरडावं तर तो कुठं राहतो माहीत नाही. पाईक कधीच विलायतेला गेला आणि तिकडच्या लढाईत मेला म्हणतात. भांडायचं कोणाशी? हवेत मूठ उगारून उभं राहिल्यासारखे त्याचे दिवस जाऊ लागले. फाटकाशी एखादा मजूर उशिरा आला की तो उगाच वसकन अंगावर जायचा. लोक म्हणू लागले, दरवानाला काय झालंय?

मग एका शुक्रवारी, मिलच्या सुट्टीच्या दिवशी, तो छावणीत निजामुद्दीनच्या तालमीत गेला. निजामुद्दीन रियासतीच्या फौजेतला जमादार. हैद्राबादेत नव्या पद्धतीचं बॉक्सिंग शिकून आला होता आणि पत्र्याच्या एका मोठ्या शेडमध्ये शिपायांना शिकवायचा. सांडूनं दाराशी उभं राहून बघितलं. उंच लाकडी चौथरा, त्यावर तंबूचं जाड ताणलेलं कापड, कापड गुंडाळलेले दोर. कोपऱ्यात वजनाचा काटा. हातमोजे उशीएवढे फुगीर. आणि मध्ये मजीद. तेविशीचा असेल. भारी वजनाचाच, पण अंगात कुठं अडथळा म्हणून नव्हता. पाय चवड्यावर, खांदे सैल, आणि समोरच्याचा गुद्दा आला की त्याचं डोकं तिथं नसायचंच. सांडू बघत राहिला. त्याला हसायचं होतं, ह्याला काय लढणं म्हणतात, असं म्हणायचं होतं. पण त्याला ते आवडलं. ते सुंदर होतं, आणि आपण असं कधी केलं नाही, कोणी शिकवलंच नाही, हे त्याच्या पोटात दाभणासारखं शिरलं.

निजामुद्दीननं त्याला ओळखलं. "अरे, सांडू पैलवान! आव, आव. मेरे अब्बा तुम्हारे किस्से सुनाते थे."

"जमादारसाहेब," सांडू म्हणाला, "मला ह्याच्यासंगं एकदा उभं ऱ्हाऊ द्या."

शेडमधले शिपाई हसले. निजामुद्दीन हसला नाही. त्यानं सांडूच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "नक्को पैलवान. उमर देखो."

सांडू पुढच्या शुक्रवारी गेला. त्याच्या पुढच्याही. दाराशी उभा राहायचा, काही बोलायचा नाही, तालीम संपली की निघून यायचा. त्या गप्प उभं राहण्यानंच शेवटी निजामुद्दीन वैतागला असावा. म्हणाला, "ठीक है. दो राउंड. दोस्ताना. और मैं बोलूँ तो बस, मतलब बस." सांडूनं मान हलवली. त्यानं सदरा काढला तेव्हा शेड जराशी शांत झाली. अजूनही छाती रुंद होती, फक्त मांस जरा खाली उतरलं होतं. हातमोजे घातल्यावर त्याला मुठी आपल्या वाटेनात. दुसऱ्याच्या मुठी उसन्या घेतल्यासारखं वाटलं.

पहिली फेरी म्हणजे त्यानं नुसता पाठलाग केला. मजीद समोर असायचा, सांडू उजवा टाकायचा, आणि मजीद बाजूला असायचा. त्या टाकण्यानंच सांडूचा खांदा दुखू लागला. न लागलेला गुद्दा लागलेल्यापेक्षा जास्त दमवतो, हे त्याला इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं, कारण पूर्वी समोरचा पळायचाच नाही. आणि मध्येच मजीदचा डावा येऊन त्याच्या कपाळाला, गालाला टेकून जायचा. टप. टप. त्यानं काही दुखत नव्हतं. सांडूला वाटलं, ह्याचे गुण होतात? ह्याचे? माशी बसल्यासारख्या ह्या स्पर्शाचे? फेरी संपली आणि शिपायांनी टाळ्या वाजवल्या, आणि स्टुलावर बसून धापा टाकताना सांडूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मजीद मारतच नव्हता. जपत होता. लग्नात म्हाताऱ्या आत्याला नाचवतात तसा तो त्याला चौथऱ्यावर फिरवत होता.

दुसऱ्या फेरीला तो मजीदच्या अगदी जवळ गेला आणि दातांतून म्हणाला, "मार ना रे. मार की."

मजीद मोठ्या डोळ्यांनी बघत म्हणाला, "चच्चा, उस्ताद बोले हैं, आहिस्ता..." आणि बोलण्याच्या नादात तो क्षणभर थांबला. तेवढं पुरलं. सांडूचा डावा हात न विचारता त्याच्या मानेमागं गेला. कितीतरी वर्षांनी एक तरणं, जड, घामेजलेलं अंग त्याच्या छातीशी आलं, आणि त्यानं उजवा चढवला. एक. मजीदचा श्वास त्याच्या कानाशी फुटला. दुसरा. हातमोज्याच्या उशीतूनही त्याला बरगडी कळली. आहे, अजून आहे, सगळं आहे. तोच शिट्टी वाजली, निजामुद्दीन मध्ये घुसला, त्यानं सांडूचा डावा हात ओढून काढला. "पकडके मारना नक्को पैलवान! मना है!" मना है. पाईकनं शिकवलेल्या दोन गोष्टींतली एक, जिच्यावर तो सात-आठ वर्षं जगला, तीच आता गुन्हा झाली होती. सांडू दुखावल्यासारखा त्याच्याकडं बघत राहिला. "मंग मारायचं कसं?" त्यानं खरंच विचारलं. शिपाई हसले. त्यात वाईट काही नव्हतं, पण ते हसणं ऐकून तो आंधळ्यासारखा पुढं गेला, दोन्ही हात खाली ठेवून. आणि मजीद, बरगडीत कळ असलेला, तेवीस वर्षांचा मजीद, आहिस्ता विसरला. सांडूला मूठ दिसली नाही.

तो पडला. गलका लांब गेला. गालाखाली तंबूचं खरबरीत कापड होतं, त्याला तेलाचा आणि घामाचा वास येत होता, पण त्याच्या खाली कुठंतरी ती जुनी गार माती असल्यासारखी वाटली. न्हाव्याच्या दुकानातल्या त्या दिवसापासून छातीत अडकलेलं काहीतरी सुटलं आणि त्यानं पोटभर श्वास घेतला. वर पत्र्याच्या फटीतून आभाळाची एक पांढरी रेघ दिसत होती. निजामुद्दीन मोजत होता, मोजू दे. घाई नाही. डोकं साफ होतं. पाय होते, जागच्या जागी होते. जाड, शांत आवाज म्हणाला, चल. आता सुरू करू. सांडू एका गुडघ्यावर आला, मग उठला, मुठी वर घेतल्या, आणि मजीदकडं बघून त्याला चक्क हसू आलं. पोरा, आता कळंल तुला. आता खरं.

निजामुद्दीननं दोन्ही हात हवेत हलवले आणि सांडूला मिठी मारली. "बस. बस पैलवान. हो गया."

"काय झालं?" सांडू म्हणाला. "उठलो व्हतो ना मी."

"हौ, उठे. लई बडी बात है. पण बस."

"मोजनं व्हायच्या आधी उठलो. उभा हाय मी. हे बघा, उभा हाय!"

"अब ऐसाच कायदा है पैलवान. उठे तो बी, मेरेकू लगा तो रोकना. जान का मामला है." आणि तो हातमोज्यांच्या नाड्या सोडू लागला. सांडूनं हात मागं ओढला. निजामुद्दीननं परत धरला, लहान मुलाचा धरतात तसा, हळू, पण न सोडता. शिपाई टाळ्या वाजवत होते, मनापासून, उभं राहून. मजीद पुढं आला, वाकून त्याच्या गुडघ्याला हात लावून म्हणाला, "माफ करना चच्चा, जोर से लग गया." सांडूला त्याला सांगायचं होतं, की अरे, तेवढं एकच तर खरं मारलंस, त्याची माफी कशाला मागतोस? पण टाळ्या थांबत नव्हत्या. हरलो असतो तर? हरू द्यायचं होतं. ओकलीसारखं बसून मान हलवू द्यायची होती. तो किती वेळ उभा राहिला असता हे आता कोणालाच कळणार नव्हतं, मजीदला नाही, निजामुद्दीनला नाही, त्या बाकड्यावरच्या पोराला नाही. त्यालाही नाही.

उतरत्या उन्हात तो खाम नदीच्या कडेनं चालत घरी आला. वाटेत दोनदा थांबला आणि मोठ्यानं म्हणाला, "उठलो व्हतो ना." पात्रात कपडे आपटणाऱ्या बायांनी वर बघितलं. घरी सारजाबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, हळद गरम केली आणि त्याला उजेडाकडं तोंड करून बसवलं. डावा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता. तिची बोटं जाड झाली होती आता, पण थरथरत नव्हती.

"येडे झालात," ती म्हणाली. मग बराच वेळ लेप लावत राहिली. आणि मग, इतक्या वर्षांत जे तिनं कधी विचारलं नव्हतं, कारण तो दारात आला की तिला आपोआप कळायचं, ते तिनं विचारलं. "कोन जितलं?"

सांडूनं तोंड उघडलं. मजीद म्हणावं, तर मजीदनं जिंकायचं काही केलं नव्हतं. मी म्हणावं, तर ती हसली नसती, मन राखायला हो म्हणाली असती, आणि तेच वाईट होतं. त्यानं गुडघ्यांवर ठेवलेल्या स्वतःच्या मुठी बघितल्या.

"संपलीच नाय," तो म्हणाला. "मधीच थांबिवली."

सारजाबाईनं हळदीचे हात पदराला पुसले, ताट वाढून त्याच्यापुढं सरकवलं आणि म्हणाली, "मंग जेवून घ्या."

त्यानं भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि पहिला घास डाव्या बाजूला घेतला. कळ थेट कानात गेली. सारजाबाई म्हणाली, "अवो, त्या अंगानं नका चावू."  तो दुखऱ्या बाजूनंच, सावकाश, चावत राहिला.